क्वामेसाठी नारळ

मार्गशीर्ष, गुरुवार. दिवेलागण.

बोटीवर माझ्या केबिनमध्ये असायचा तो घानाचा क्वामे, त्याचा आज फोन. आफ्रिकेतल्या कथाकारांसाठी मोठं बक्षीस असतं, त्याच्या शेवटच्या यादीत आलाय. म्हणाला, तुझ्या देवाला सांग. आणि मी तरी ही बातमी दुसऱ्या कुणाला सांगणार होतो?

नारळ घेऊन देवळात गेलो. गुरव देवापुढे गाऱ्हाणं घालायला उभे राहिले आणि अडले.

"माणूस कुठल्या वाडीतला?"

"घानाचा."

"गावचा नाय, मग देवाला काय म्हणून सांगू?"

संतापलोच. बक्षीस फक्त आफ्रिकेतल्यांना, गाऱ्हाणं फक्त गाववाल्यांना! नारळ उचलून निघणार होतो. मग तोंडातून गेलं, "माझ्या घरातला म्हणा."

गुरवांनी माझ्याकडे पाहिलं, हात जोडले. "महाराजा, ह्याच्या घरातला माणूस परमुलखात आहे, त्याच्या कामाला यश दे."

ही गेल्यापासून गाऱ्हाण्यात मी एकटाच असायचो. आज घरात दोघं झालो.

प्रसादाचा अर्धा नारळ घरी आणला. खोबऱ्याचे दोन वाटे केले, सवयीने नव्हे, मुद्दाम. माझा खाल्ला. दुसरा झाकून ठेवलाय. त्याचं काय करू?