जाळीसाठी काळं पेन

१६ सप्टेंबर १९५६, रविवार
महंमद घौसच्या मकबऱ्यातल्या दगडी जाळीला कोणती काळी रेघ शोभेल, जाड की बारीक? मला सांगता येत नाही. इथे कबूल करायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही.
बाकी सगळं ठरलं आहे. एक नोव्हेंबरला मध्यभारत राज्य संपणार, आमचं नकाशांचं ऑफिस ग्वाल्हेरहून भोपाळला जाणार. ड्रॉइंगला आम्ही दोघी शिकाऊ, अजून पेन्सिलीवरच; पक्क्या नोकरीत एकच मुलगी नेणार: मी किंवा शामला. दोघींनी पंधरा ऑक्टोबरला त्या जाळीचा काळ्या शाईतला नमुना द्यायचा. मी बी. ए., घरातली पहिली. शामला मॅट्रिक. नव्या राज्याला शिकलेल्या मुली हव्यात. शामलाची काळजी वाटते.

१९ सप्टेंबर
जयेंद्रगंजात दौलतसिंहाच्या दुकानी निबा पाहिल्या. एक कागद फाडते, एक ठिपके टाकते. तो म्हणाला, बहनजी, लड़का पसंद कर रही हो क्या? मी त्याला साधनशुचिता समजावली. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

२९ सप्टेंबर
सुरुवात नाही. चुकीच्या निबेनं सुरू करणं म्हणजे कलेशी बेइमानी. शामला ऑफिसच्याच टाकानं काढते आहे, डब्यातली जुनी निब लावून. अर्धी जाळी झाली म्हणे. घाई.

६ ऑक्टोबर
मिळालं! जर्मन पेन. शाई पोटात भरायची, टोक सुईसारखं. आईचं दिवाळीचं लुगडं पुढच्या वर्षी. तिला समजावलं, नोकरी लागली की दोन घे.
उद्यापासून जाळी.

११ ऑक्टोबर
पेनाला हात बसायला हवा. कोऱ्या कागदावर रेघा फार देखण्या येतात. जाळी उद्यापासून.

१२ ऑक्टोबर
काळी वॉटरप्रूफ शाई गच्च भरून ठेवली. उद्या-परवा सुट्टी. सहज होईल.

१३ ऑक्टोबर, खंडेनवमी
उठले तर पेन पूजेत! आजोबांच्या तलवारीशेजारी, टोपण काढून, टोकाला हळदकुंकू. संस्थानची फौज मोडल्यापासून वडील, आमचे आबा, गिरणीच्या फाटकावर पहाऱ्याला बसतात, पण आज फेटा बांधला होता. म्हणाले, पोरी, घरात पहिल्यांदा नवं हत्यार आलं. पूजेतलं हत्यार दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत हलवायचं नाही, हा घरचा नियम. फेट्याकडे बघून मी पेनाकडे गेलेला हात मागे घेतला.
जाळी मनात काढते आहे. तेही कामच.

१४ ऑक्टोबर, दसरा, दुपारी
शामला सोनं द्यायला आली. पूजा पाहून म्हणाली, अगं शरयू, तुझ्या पेनाला तर देव केलंय! माझा टाक घे, माझं झालंय. उपकार नकोत म्हटलं.

संध्याकाळी
पेन उचललं. शाईचा आत दगड झाला आहे, टोकाशी कुंकवाचा गोळा. गरम पाणी, सुई, हेअरपिन. टोक वाकलं. आबांनी विचारलं, चालतंय ना? चालतंय म्हटलं.

१५ ऑक्टोबर
रात्रीत काढलेली पेन्सिलीतली पाव जाळी दिली. कारण सविस्तर सांगितलं: पेन, पूजा, परंपरा. साहेब म्हणाले, बाई, ऑफिसातले टाक कुठे गेले होते? प्रश्न उथळ वाटला. मोठी माणसं कारणाच्या मुळाशी जात नाहीत.

२७ ऑक्टोबर, शनिवार
शामलाचं नाव लागलं.
आबांनी पेन आता तलवारीशेजारी कायमचं ठेवलं आहे. रोज दोघांना एकेक फूल. ती तलवार म्यानातून निघालेली मी कधी पाहिली नाही. आई म्हणाली, बरं झालं, घरचं जेवण तरी मिळेल. दिवाळीसाठी तिनं जुनंच लुगडं धुऊन ठेवलं.
ऑफिसात माझ्यापुढे आवक-जावक टेबलावरच्या नेमणुकीचा कागद ठेवला: ग्वाल्हेरातच उरणाऱ्या शाखेत राहायचं, पाकिटांवर नंबर घालायचे. जवळ पेन नव्हतं. शामलाचा टाक मागून घेतला आणि सही केली. कामाच्या कागदावर काळ्या शाईनं ओढलेली माझी ही पहिली रेघ. जाड नाही, बारीक नाही. हवी होती तशीच आली.