तंबूच्या दोऱ्या आणि तुझा पलंग

चि. श्रीपाद,

ऑफिसातून आलास की आधी चहा घे, मग हे वाच.

उत्तराला घेऊन मी शहाडला चाललोय. तिच्या शाळेच्या मुलींचा तिथं नदीकाठी तीन दिवस कॅम्प आहे, हे तुला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच काल तू तिच्या तंबूच्या सगळ्या दोऱ्या कापल्यास आणि त्यांवर गॅलरीत धोतरं वाळत घातलीस. मुलीनं उघड्यावर झोपायचं नाही, हे तिला तोंडावर सांगायची तुझी छाती झाली नाही, म्हणून कात्री पुढे केलीस.

पोरगी रडली नाही रे. त्याचाच मला जास्त राग आलाय. आठ दिवस ती अंगणात तंबू उभारायला शिकत होती. मी खुंट्या सरळ ठोकल्या आणि अख्खा तंबू माझ्या अंगावर आला. "आजोबा, तिरक्या ठोकायच्या असतात," म्हणत तिनंच मला बाहेर ओढलं. या घरात तेवढीच एक शहाणी आहे.

दोऱ्या हव्याच होत्या, म्हणून तुझ्या पलंगाची नवार नेली आहे. कापलेली नाही, सोडून नेली आहे. परत विणता येईल. सूनबाईवर ओरडू नकोस, नवारीचं दुसरं टोक तिनंच धरलं होतं.

उत्तराला पोचवून मी कल्याणला भाऊकडे राहीन. आम्हाला न्यायला येऊ नकोस.

पलंगाची चौकट जागेवर आहे. तू तीन रात्री गादी जमिनीवर घाल. मुंग्या आल्या तर घाबरू नकोस, नवशिक्यांना येतातच.

आशीर्वाद रविवारी, नवारीबरोबर.

अण्णा