कच्च्या टाक्यांचा खेळ

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू माझं बोलणं मधेच तोडतेस, म्हणून लिहून कळवतो. संध्याकाळच्या क्लासच्या परीक्षेसाठी करत होतो तो कॉम्प्युटरवरचा खेळ मी सोडला. थकून नाही, घाबरून तर मुळीच नाही. हे वाक्य दोनदा वाच.

सात महिने बसून मी बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान पडद्यावर उभं केलं. बावन्न खण, खणाखणातले स्क्रू, बाबांच्या भिंगावरचा ओरखडासुद्धा. सगळं पुरं होईपर्यंत कुणाला हात लावू द्यायचा नाही, असा माझा नेम. परवा वर्गात माझ्यासोबत शिकणाऱ्या नर्सबाईंना पहिल्यांदा खेळायला दिला. त्यांनी चार खण उघडले, मिटले आणि विचारलं, की आता मी काय करू? त्यात करण्यासारखं काही नव्हतंच, ताई.

सर म्हणतात, चित्रं देखणी आहेत, तेवढीच दाखव, पास करून टाकतो. मी नाही म्हणालो. तशा पासाचं मी काय करू? बाबा म्हणाले, आठवीत शाळा सोडलीस, आता हे. एक ना धड, भाराभर चिंध्या. मी जेवलो नाही.

लोभ कमी करू नकोस, ओरडायचं तेवढं ओरड.
तुझा धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्रात एक खोडाखोड नाही, म्हणजे चार वेळा उतरवून काढलं असणार. आणि चिंध्यांबद्दल बाबांनी बोलू नये, चिंध्यांवरच तर माझं पोट आहे.

आमचे टेलरमास्तर कोट आधी कच्च्या टाक्यांवर उभा करतात. एक बाही असते, दुसरी नसते, आणि त्याच अवतारात गिऱ्हाइकाला आरशासमोर नेतात. काखेत कुठे आवळतोय ते तिथेच कळतं. मास्तर खडूने खूण करतात. तू काजंबटणं करून, इस्त्री मारून मग ट्रायलला बोलावलंस. शहाणाच आहेस!

सोडलास, बरं केलंस. पण परीक्षेच्या दिवशी तोंड लपवून घरी बसलास, तर बाबांचंच खरं ठरेल. जेवत जा.

माया आहेच, मागावी लागत नाही.
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तोंड लपवलं नाही. खेळ सुरू करून परीक्षक बाईंच्या हातात दिला. त्यांनीही तेच विचारलं, की आता मी काय करू? मी सांगितलं, की हा प्रश्न मी सात महिने कुणाला विचारूच दिला नाही, म्हणून हा खेळ सोडला आहे. बाई म्हणाल्या, की सोडलेल्या कामाला गुण देण्याचा रकाना आमच्याकडे नाही. नापास. आणखी सहा महिने वर्गात बसावं लागेल. बसेन म्हणालो.

घरी येऊन पुठ्ठ्याचे बारा तुकडे कापले, वाकडेतिकडे. त्यांवर पेन्सिलने घड्याळाचे भाग काढले, एकावर बिघाडाची फुली. ते नीट करायला हात शिवशिवत होते; केले नाहीत. तसेच बाबांपुढे पालथे मांडले. म्हणालो, बंद घड्याळ आलंय, तीनच तुकडे उलटून बिघाड शोधायचा. बाबा म्हणाले, तीन तुकड्यांत कुणाच्या बापालाही सापडणार नाही. आपल्या बापाला तर नाहीच सापडला, ताई! मग चिडले, की आधी स्प्रिंग बघतात, एवढंही ठाऊक नाही आणि निघालाय खेळ करायला. तुझ्या मास्तरांसारखी मी तिथेच खूण केली. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि पुन्हा मांड म्हणाले.

चार डाव झाले. पाचवा त्यांनी स्वतःच मांडून ठेवलाय, हाक मारताहेत.

नापासावरही लोभ असू दे.
तुझा धाकटा

ता. क. या पत्रात दोन ठिकाणी खोडाखोड झाली आहे. तशीच पाठवतोय.