नांदेडचा रसिक

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी.

वंदना झाली. पंचशील सावकाश म्हटलं. चौथ्या शीलावर थांबलो. खोटं बोलणार नाही. जानेवारीत ऑफिसात दोनदा आजारी पडलो, प्रत्यक्षात तालीम होती. या महिन्यात तसं होणार नाही. या महिन्यात रीतसर रजा टाकली आहे.

शनिवारपासून नाट्यस्पर्धा. पुण्याच्या ट्रस्टची. सात दिवस, सात संस्था, तीन परीक्षक. लातूरची फेरी गेल्या महिन्यात झाली, आता आमची. दोन शहरांपैकी एकाला ट्रस्ट कायमचं केंद्र देणार. दुसऱ्याचं बंद. म्हणजे नांदेडात पुढं स्पर्धेचं नाटक होणार की नाही, ते या आठवड्यात ठरणार.

परीक्षकांची सरबराई आणि प्रेक्षक, दोन्ही माझ्याकडे. स्पर्धा समितीचा अध्यक्ष व्यंकट. त्याची संस्था वेगळी, माझी वेगळी. तो म्हणाला, धम्मानंद, तुला नाटकात काम कमी हाय, तूच कर. काम कमी नाही. मी दुसरा शेजारी आहे. वाक्य एकच आहे, ‘अहो, दार आतून बंद आहे’, पण सगळं नाटक त्या वाक्यावर वळतं.

संकल्प: हॉल रोज निम्मा तरी भरायचा. परीक्षकांनी पुण्यात जाऊन म्हटलं पाहिजे, नांदेड बघा.

सुमन म्हणाली, ते शहर बघायला येऊन राहिले की तुम्हाला? बायकोशी वाद नको.

३ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर विचार केला. गावाचं नाव कशावर ठरतं? बिलोली तालुक्यात आमच्या गावाला पेटीवाल्याचं गाव म्हणतात. कुणाच्या तरी लग्नात बाहेरगावचं वऱ्हाड आलं होतं. आमच्या गायन पार्टीचा पेटीवाला असा वाजवत होता, की वऱ्हाड जेवायचं विसरलं. तो पेटीवाला जाऊन वीस वर्षं झाली. पेटी उंदरांनी खाल्ली. गावाचं नाव मात्र अजून तेच. एका रात्रीचे पाहुणे, पण ते जन्मभर सांगत राहिले.

नांदेडचंही तसं होईल. पेटीवाल्याच्या जागी मी आहे, असं म्हणत नाही. पण कुणीतरी लागतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर पत्रकं वाटली. कल्पना माझीच. इतकी माणसं बाहेरून येतात, दर्शन घेतात, गाडी धरतात. दोन तास नाटकाला बसली तर शहराचं दुसरं तोंड बघतील. लुधियानाच्या एका कुटुंबानं पत्रक डोक्याला लावून घेतलं. म्हाताऱ्यांनी विचारलं, ये किस बाबाजी का प्रोग्राम है? मी म्हणालो, नाटक है. ते म्हणाले, बहुत अच्छा, पहले आप लंगर छक लो. आग्रह मोडवेना. जेवलो. डाळ उत्तम.

सायंकाळी पत्रकं संपली. प्रतिसाद चांगला म्हणायला हरकत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

परीक्षक आले. तिघांत मुख्य दातारबाई. पांढरे केस, कमी बोलतात. स्टेशनवर रिक्षावाल्यानं त्यांना पाहताच विचारलं, गुरुद्वारा का? बाई म्हणाल्या, नाही, नाट्यगृह. तो म्हणाला, तिथं आता काय असतं? मी म्हणालो, रोज असतं. हे खोटं नाही. या आठवड्यात रोजच आहे.

पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांना ‘निमंत्रित’ असे कागद लावले होते. नाटक सुटलं तेव्हा कागद जसेच्या तसे. कुणी फाडले नाहीत, ही शिस्तही नोंद घेण्यासारखी.

आत तीन परीक्षक, प्रयोग करणाऱ्यांची बायकामुलं, आणि एक गृहस्थ, ते वीजबिलाची चौकशी करायला आले होते. मी गेटवर होतो. लोक आले असते तर वाट दाखवायला कुणी नको का?

९ फेब्रुवारी, रविवार

दातारबाईंनी विचारलं, नांदेडात सात संस्था आहेत ना, मग त्यांची माणसं कुठं असतात? बाहेरच्या माणसाला आपली पद्धत कशी समजावणार! आमच्याकडे एका संस्थेचा माणूस दुसऱ्या संस्थेच्या नाटकाला बसत नाही. बसला तर त्यांचा प्रेक्षक वाढतो. त्यामुळे रोज एक संस्था आत असते आणि सहा संस्था बाहेर चहाच्या टपरीवर. टपरीवर बसायला जागा नसते. नाटकावर इतक्या जिव्हाळ्यानं चर्चा मी दुसऱ्या शहरात ऐकलेली नाही. न पाहताच लोक इतकं बोलतात, तर पाहिल्यावर किती बोलतील.

बाईंना सांगितलं, वाटेवर आहेत.

मीही टपरीवरच होतो. संस्थेचा नियम.

१० फेब्रुवारी, सोमवार

पत्रकं घेतलेल्यांपैकी कुणी आलं नाही. तिकडं कीर्तन असतं. समजण्यासारखं आहे.

आजचं नाटक चांगलं झालं म्हणतात. मी शहरात होतो. तीन कॉलेजं फिरलो. एका प्राचार्यांनी विचारलं, मुलांना याचे मार्क मिळतात का? मी म्हणालो, संस्कार मिळतात. त्यांनी दुसरा फोन घेतला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बुद्धप्रियाचा लातूरहून फोन. दोन वर्षं झाली, तिथं डॉक्टरकीच्या क्लासला आहे. तिला विचारलं, लातूरला नाटकाला गर्दी होती म्हणे? ती म्हणाली, बाबा, लातुरात नाट्यगृह हाय? हे ऐकून बरं वाटलं.

मग व्यंकट येऊन म्हणाला, लातूरला पहिल्या दिवशी खुर्ची मिळाली न्हाई लोकांना. जेवण गेलं नाही.

पण उद्या माघ पौर्णिमा. उपाय सापडला. पौर्णिमेला आमच्या कॉलनीतल्या विहारात पन्नासेक बाया तरी जमतात. वंदना सहाला संपते, नाटक सातला. टेम्पो सांगितला. हे आधीच का सुचलं नाही? चांगल्या गोष्टी वेळ घेतात.

१२ फेब्रुवारी, बुधवार. पौर्णिमा.

उपोसथ, म्हणजे उपवासाचा दिवस. अष्टशील घेतलं. त्यात नाच, गाणं, वाद्य, खेळ-तमाशे पाहणं वर्ज्य. त्यामुळे आज आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. टपरीवर थांबलो. कोरा चहा. चालतो.

पारूबाई विहारातल्या सगळ्यांत वडील. टेम्पोत चढता चढता म्हणाल्या, धम्मा, आज तमाशा बघनं चालंल का रे? मी म्हणालो, मावशी, तुम्ही पंचशीलच घेतलंय, आणि हा तमाशा नाही, शहराचं काम आहे. त्या म्हणाल्या, मंग तू का येईना आत? मी म्हणालो, माझं काम बाहेर आहे.

पुढचं मी टपरीवर ऐकलं. पण खूप जणांकडून ऐकलं, म्हणजे पाहिल्यासारखंच.

बायांनी चपला हॉलच्या दाराबाहेर ओळीनं काढल्या. पांढऱ्या साड्या. खुर्च्या सोडून पुढं खाली बसल्या. टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. आजचं नाटक व्यंकटच्या संस्थेचं. दुसऱ्या अंकात म्हातारा बाप मरतो. बापाच्या भूमिकेत आनंदराज, आमच्याच कॉलनीतला, बँकेत असतो. तो मेला. सून रडली. दोन्ही पोरं प्रेताशेजारीच वाटणीवरून भांडायला लागली. हा नाटकाचा कळस.

पारूबाई उठल्या. त्यांच्यामागं सगळ्या बाया उठल्या. हात जोडून त्रिशरण सुरू केलं. नमो तस्स भगवतो अरहतो. तीनदा. बुद्धं सरणं गच्छामि. भांडणारी पोरं गप्प झाली. सूनही गप्प. आणि प्रेतानं हात जोडले.

आनंदराज नंतर म्हणाला, मी काय करू? लहानपणापासूनची सवय हाय, हात आपोआप जुळले. पारूबाईंना विचारलं, तर उलट माझ्यावरच. म्हणाल्या, मानूस मेलंय, पोरं भांडून राहिलीत, आन एक बी सरण म्हनंना. मेल्याला तसंच सोडायचं व्हय? मी म्हणालो, मावशी, नाटक होतं ते. त्या म्हणाल्या, म्हाईत हाय मला. येडी न्हाई मी.

व्यंकट तडक टपरीवर आला. म्हणाला, माझं नाटक पाडायला बाया आणल्यास! माझा मेलेला माणूस हात जोडतो, धम्मानंद! सगळी टपरी हसली. तो हसला नाही. पंधरा वर्षांची ओळख, चहा तसाच ठेवून गेला.

हेतू शुद्ध होता. हेतूच महत्त्वाचा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आमचं नाटक. व्यंकटची माणसं बाहेर लोकांना सांगत होती, आज आत जाऊ नका. म्हणून माझी एन्ट्री येईपर्यंत गेटवर उभा राहिलो, मेकअपसकट. एक नवरा-बायको जवळजवळ आले होते. त्यांना नाटकाची गोष्ट समजावत होतो. गोष्ट सांगून झाल्यावर ते म्हणाले, मग आता काय बघायचं? आणि गेले.

तेवढ्यात माझं वाक्य होऊन गेलं. म्हणजे झालं नाही. पहिल्या शेजाऱ्यानं स्वतःचं वाक्य दोनदा म्हटलं. दिग्दर्शक म्हणाले, दुसरा शेजारी नसल्यानं नाटकाला वेग आला. हा एक प्रकारे माझाच वाटा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटचं नाटक. मी बाजारात. परीक्षकांसाठी शाली, नारळ. नारळवाल्यानं वेळ लावला.

नंतर तिघांना स्टेशनवर सोडलं. दातारबाई बाकावर बसून म्हणाल्या, बुधवारी त्या बाया उठल्या तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, इतक्या वर्षांत असा प्रेक्षक पाहिला नाही. मला वाटलं, झालं. नांदेड जिंकलं. डोळे भरून आले.

मग त्यांनी विचारलं, धम्मानंद, तुम्हाला सातांतलं कुठलं नाटक आवडलं?

गाडीची घोषणा चालू होती. मी आठवून पाहिलं. शनिवार गेट. रविवार टपरी. सोमवार कॉलेजं. मंगळवारी परीक्षकांच्या गोळ्या आणायला गेलो होतो. बुधवार अष्टशील. गुरुवार परत गेट. आज नारळ.

म्हणालो, सगळीच.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. गाडी वेळेवर आली, ते एक बरं झालं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

केंद्र लातूरला. आनंदराजनं सांगितलं. व्यंकट माझ्याशी बोलत नाही. अहवालात म्हणे दोनच ओळी होत्या. नांदेडात नाटक करणारे पुष्कळ आहेत, ते टपरीवर भेटतात. आणि लंगर आवर्जून घ्यावा.

म्हणजे नाव झालं. वेगळ्या गोष्टीचं झालं, पण झालं.

टपरी आज रिकामी. चर्चा कशावर करणार? टपरीवाला म्हणाला, साहेब, पुढल्या साली कवा हाय नाटक? मी म्हणालो, कळवतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

वंदनेत लक्ष लागलं नाही. सुमन म्हणाली, एक तरी नाटक बघायचं होतं तुम्ही. ती चिडून म्हणाली असती तर उत्तर देता आलं असतं. तिनं भाकरी थापता थापता म्हटलं.

संकल्प: ९ मार्चला लातूरला अंतिम फेरी. जायचं. एक नाटक सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहायचं. नांदेडचा माणूस दुसऱ्याच्या गावचं नाटक पाहतो, हे कुणीतरी दाखवलं पाहिजे.

९ मार्च, रविवार. बसमध्ये, परतताना.

सकाळच्या बसनं लातूर. बुद्धप्रियाला भेटलो. वाळली आहे. तिची चाचणी होती, त्यामुळे हॉस्टेलच्या फाटकाशी पंधरा मिनिटं. डबा दिला. नाटकाला येतेस का विचारलं. ती हसली.

रिक्षावाल्याला नाट्यगृह सांगितलं. तो म्हणाला, कोणत्या क्लासचा सत्कार हाय?

दारात मडिवाळप्पा भेटले. वय माझ्याएवढंच, कपाळाला विभूती, छातीवर समितीचा बिल्ला. मी नांदेडहून आलो म्हटल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, खास नाटकासाठी? मी हो म्हणालो. बुद्धप्रियाचं सांगायचं राहिलं.

त्यांनी मला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. दातारबाईंना जाऊन सांगितलं, नांदेडचे रसिक आलेत. बाईंनी वळून पाहिलं. ओळखलं.

हॉलमध्ये प्रयोग करणाऱ्यांची बायकामुलं. पहिल्या रांगेच्या खुर्च्यांना कागद लावलेले. मडिवाळप्पांना हळूच विचारलं, जानेवारीत तर गर्दी होती म्हणे? ते इकडंतिकडं बघून म्हणाले, काय सांगू जी, त्या दिवशी एका क्लासचा सत्कार होता, तो लांबला. लेकरं बसलेलीच होती, आम्ही पडदा उघडला. आन बाकीच्या संस्था कुठं हायत, असं विचारू नका. मी विचारलं नाही. येताना बाहेरची टपरी पाहिली होती.

मग ते म्हणाले, आमचं लातूर कसं वाटलं? असं विचारताना माणसाचं तोंड कसं दिसतं, ते मला आजवर माहीत नव्हतं. आरशात बघून कुणी विचारत नाही.

नाटक बरं चाललं होतं. एक मुलगी आईला पत्र वाचून दाखवत होती. आवाज चांगला. पण थेट बस साडेसातची. त्यानंतर एक आहे, पण तिचा भरवसा नाही. उद्या ऑफिस, रजा संपलेली. पहिला अंक अर्धा झाला असेल, उठलो.

दाराशी मडिवाळप्पा. म्हणाले, जी, कुठं निघालात? मी म्हणालो, चहा घेऊन येतो.

हे खोटं म्हणता येणार नाही. बसस्टँडवर चहा घेतला.

दारातून एकदा मागं वळून पाहिलं. मडिवाळप्पा आत जाऊन माझ्या खुर्चीवर स्वतःचा रुमाल टाकत होते, कुणी बसू नये म्हणून.

नाटक चांगलं असावं.

१० मार्च, सोमवार

वंदना घाईत. ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, लातूर कसं आहे, नाटकाला माणसं येतात का?

म्हणालो, रुमाल टाकून जागा धरावी लागते.