दोर माडाला बांधला नाही

विराक, वादळानंतरची सकाळ

सेल्सो,

छप्पर उडालं नाही! शेजाऱ्यांचे पत्रे भातशेतात जाऊन पडलेत, आपलं मात्र जागच्या जागी!

तू बोटीवरून फोनवर बजावलं होतंस, "छपरावरचा दोर नेहमीसारखा माडालाच बांध." नाही बांधला. माड वाऱ्यात झुलतो आणि दोरासकट छप्पर उचकटतो. सात वर्षांत तीनदा उडालं. मी बोलायला गेले की तू म्हणायचास, "तू भात शिजव." या वेळी भात आईंनी शिजवला आणि पत्र्यावर मी चढले! परसात कमरेइतके खोल खुंट पुरले आणि दोर त्यांना करकचून बांधला. आई खालून ओरडत होत्या, "गाठ मार गं, मिरवतेस काय!"

आज अंडी सोलता सोलता त्या हळूच म्हणाल्या, "सेल्सोचा बाप समुद्रावर असला की मीही खुंटालाच बांधायचे. तो यायच्या आत सोडून परत माडाला बांधून ठेवायचे."

एवढं बोलून दोर सोडायला उठल्यासुद्धा! मी त्यांचा हात धरला.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. फोनवरही काही सांगणार नाही. तू ये. दोर खुंटालाच आहे, फाटकातूनच दिसेल.

पत्र्यावरून उतरलेली,
पर्लिता