दसऱ्याला पुजलेला फोन

अण्णा, तुमच्या फोनमध्ये पाणी गेलं नव्हतं. एवढं एक वाक्य सांगायला मला इतकी वर्षं लागली. तुम्ही जाऊन दहा वर्षं होत आली आणि आता ऐकायला तुम्ही नाही, म्हणूनच बहुधा मला धीर झालाय. समोर असतात तर आजही मी काहीतरी वेगळा विषय काढला असता.

तो दसरा मला स्वच्छ आठवतो. खाली गल्लीत दुर्गापूजेचे ढाक-ढोल वाजताहेत, सगळी वस्ती देवीला निरोप द्यायला निघालीय, आणि वर आपल्या घरात तुम्ही पाटावर हत्यारं मांडताय. कोलकात्यात खिदिरपूरच्या गोदीत तीस वर्षं क्रेन दुरुस्त केलेला माणूस. निवृत्त झालात तरी पाने, पक्कड, कानस यांना तेलपाणी करून दसऱ्याला पुजायचं सोडलं नाहीत. इथे आपटा मिळत नाही म्हणून मैदानाच्या कडेच्या कांचनाची पानं आणायचात. त्या वर्षी पानांच्या मधोमध मी दिलेला नवा फोन ठेवलात. मी हसलो, तर म्हणालात, ज्याच्यावर आपलं काम चालतं त्याला वर्षातून एकदा हात जोडावेत, त्यात आपलं काय जातं. मग काचेवर गंधाचं बोट टेकवलंत, हळदकुंकू वाहिलंत आणि संध्याकाळी ओल्या फडक्याने सगळं हलक्या हाताने टिपून घेतलंत.

चार दिवसांत फोनला भूतबाधा झाली. एका जागी बोट लावलं की भलतंच उघडायचं, अक्षरं आपोआप उमटायची, कधी स्क्रीन ढिम्म हलायचा नाही. एका दुपारी त्याने आपण होऊन तुमच्या जुन्या साहेबांना तीनदा फोन लावला. त्यांची वामकुक्षी मोडली म्हणून तुम्ही उभं राहून त्यांची माफी मागत होतात, आणि नेमका मी घरात शिरलो. माझी जीभ तेव्हा फार चालायची. मी म्हणालो, "काचेला गंध फासल्यावर दुसरं काय होणार? हा फोन आहे अण्णा, गोदीतला पाना नाही." तोवर तुम्ही तुमच्या पद्धतीने सगळं करून पाहिलं होतं. बंद करून चालू केला होता, कोरड्या मऊ कापडाने पुसला होता, वरची जादा काच काढून पाहिली होती, आणि काय काय केलं ते कॅलेंडरच्या मागे क्रमाने लिहून ठेवलं होतं. त्या यादीत चार्जर नव्हता. तो मी आणून दिलेला, त्यामुळे त्याच्यावर तुमचा संशय गेलाच नाही.

मी फोन दुरुस्तीला घेऊन गेलो त्या एस्प्लनेडच्या दुकानात एक वयस्कर, जाड भिंगाचा चष्मा लावलेला कारागीर होता. त्याने फोन उघडलासुद्धा नाही. काचेच्या कडा भिंगाखाली पाहिल्या, स्क्रीनभर बोट फिरवलं, सगळं ठीक. मग मी पिशवीतून काढलेला चार्जर लावला आणि अक्षरं नाचायला लागली. त्याने स्वतःचा चार्जर लावला, लगेच शांत. "चार्जार कोथा थेके नियेछेन, दादा?" त्याने विचारलं. चार्जर कुठून घेतलात, एवढाच साधा प्रश्न, पण माझे कान तापले. तो मी समोरच्याच फुटपाथवरून घेतला होता. फोनबरोबर आलेला चांगला चार्जर मी स्वतःसाठी ठेवून घेतला होता, कारण माझा बिघडला होता. म्हाताऱ्या माणसाला काय, कुठलाही चालेल, असं तेव्हा मला वाटलं होतं. पाणी गेलं असेल का, असं मी आशेने विचारलं. त्याने मान हलवली, एक थेंबही नाही म्हणाला. स्वस्त चार्जरमधून वीज नीट येत नाही, मग काचेला नसलेली बोटं जाणवतात, असं त्याने समजावून सांगितलं.

घरी परतलो तेव्हा तुम्ही दारातच उभे होतात. काय निघालं, विचारलंत. बसमध्ये मी खरं सांगायचं ठरवत आलो होतो. तोंडातून निघालं, "पाणी गेलं होतं. सुकवून दिलंय." तुम्ही फोन हातात घेऊन उलटसुलट पाहिलात आणि म्हणालात, "मशीनपाशी ओलं फडकं नेऊ नये, हे मीच पोरांना शिकवायचो. माझीच चूक." मी आत जाऊन गुपचूप चार्जर बदलला. अण्णा, मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि आज सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते.

पुढच्या दसऱ्याला तुम्ही पाट मांडला, पण कुंकवाचा करंडा लांब ठेवलात. पान्यांनासुद्धा गंध लावलं नाहीत. माझ्या स्कूटरची किल्ली हातात घेऊन मला विचारलंत, हिला कुंकू लावलं तर चालेल ना रे. स्वतःच्या घरात, लोखंडाच्या किल्लीसाठी तुम्ही माझी परवानगी मागत होतात. मी पेपरातून मान वर न काढता लावा की म्हणालो. तुम्ही नुसतं फूल ठेवलंत. त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात.

तुम्ही न पाहिलेली तुमची नात आता नऊ वर्षांची आहे. तिचं मराठी जरा अडखळतं. या दसऱ्याला ती महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणीकडे जाऊन आली आणि म्हणाली, "बाबा, त्यांच्या घरी लॅपटॉपची पण पूजा करतात. आपण का नाही करत?" सांगायची याहून चांगली वेळ आली नसती. मी म्हणालो, आजोबांनी बंद केलं, त्यांच्या हातून एकदा फोन बिघडला होता. ती खूप हसली. गंध लावून फोन बिघडवणारे आजोबा तिला फार आवडले, दुसऱ्या दिवशी तिने शाळेत सगळ्यांना सांगितलं.

हे लिहून झालं की तिला बोलावून खरं काय ते सांगायचं, असं ठरवून बसलो होतो. ती पलीकडच्या खोलीतच आहे. मी अजून हाक मारलेली नाही.