निशूच्या कॉलेजपायी माझं मरण

ती. शकूताईस,

वरसेहून धाकट्या जगनचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. भावोजींचा गुडघा आता कसा आहे? हमरापुरात गणपतींच्या रंगकामाची घाई सुरू झाली असेल, म्हणूनच फोन न करता पत्र लिहितोय. तू फोन स्पीकरवर टाकून मूर्तीचे डोळे आखतेस आणि कारखान्यातल्या सगळ्या बायका आपलं घरचं ऐकत बसतात (मागच्या खेपेला माझ्या मूळव्याधीवर गोदूबाईने पलीकडून औषध सांगितलं, ते मी विसरलेलो नाही). आमच्याकडे सगळे ठीक. मी मात्र मेलो आहे. घाबरू नकोस, अक्षर माझंच आहे आणि सकाळी दोन भाकऱ्या खाऊनच लिहायला बसलोय.

तुझ्या भाचीला, निशूला, अमेरिकेतल्या कॉलेजात जागा मिळाली हे तुला माहीतच आहे, पेढे तूच वाटलेस. पण नुसती जागा मिळून काय होतं? कर्जासाठी बँकेत गेलो. साहेब म्हणाला, तारण काय देता? म्हटलं, घर आहे. तर घर गावठाणात, कागद आजोबांच्या नावावर, म्हणजे त्याच्या लेखी मी हवेतच राहतो. बिनतारणी कर्ज द्यायला माझा पगार कमी पडतो म्हणे. आणि कॉलेजकडे मदत मागावी तर तोच पगार जास्त होतो! तीन शिफ्ट फिरून मी जे कमावतो ते बँकेला दिसत नाही आणि अमेरिकेला मात्र लांबून दिसतं, आता काय करायचं माणसाने? पेणला अंबरीश नावाचा एक पोरगा परदेशी कॉलेजांचे अर्ज भरून देतो (वर टाय, पायात स्लिपर). त्याला अर्ज दिला, पासवर्ड दिला, फी दिली. त्याने म्हणे मधला मार्ग काढला. मला मारून टाकलं.

हे मला कळलं कंपनीच्या कँटीनमध्ये. आमच्या वैशालीच्या नावे कॉलेजचा मेल माझ्या फोनवर आला, फोननेच मराठी करून दाखवला: तुमच्या दिवंगत पतीबद्दल दुःख वाटतं, मुलीचा सगळा खर्च आम्ही उचलू, फक्त थोडी खातरजमा बाकी आहे. तोंडातला वड्याचा घास तोंडातच राहिला. शिफ्ट सुटल्यावर तडक पेण गाठलं आणि अंबरीशची कॉलर धरली. मेल्याने मला भातशेतात साप चावून मारलेलं! अरे, माझ्या नावावर बांधाएवढीसुद्धा जमीन नाही. निदान कंपनीत तरी मारायचंस, कुणाला खरं वाटलं असतं. तर तो थंडपणे म्हणतो, "काका, कंपनीत मेलात तर भरपाई मिळते, मग मदत कापतात." एवढा विचार माझ्या सख्ख्या बापाने माझा केला नव्हता. मग त्याने विचारलं, "करू का रद्द?" आणि ताई, माझा हात कॉलरवरून आपोआप सुटला. दहावीपासून पोरगी त्या एका कॉलेजचं नाव घेतेय. मी म्हटलं, राहू दे. निशूला मात्र यातलं काही कळू द्यायचं नाही, असं त्याला बजावून आलो.

पुढे कॉलेजच्या बाईंना पोरीच्या आईशी व्हिडिओवर बोलायचं होतं. निशू बाहेर गेलेली बघून मी वैशालीला सगळं सांगितलं आणि म्हटलं, तेवढा वेळ कुंकू पुसून बस. ताई, तिने उलथनंच उगारलं. "तुमी मेला असाल तर मेला, मी नाय कुंकू पुसनार!" म्हटलं, अगो, त्या गोरीला काय कळतंय, तिला वाटेल डास चावला. "तिला नाय कळत, मना कळतं ना!" आणि रोजच्यापेक्षा मोठं कुंकू लावून बसली. इंग्रजीचं मराठी करायला अंबरीश त्याच कॉलवर येणार होता, पण ऐन वेळी पेणची वीज गेली आणि निशूलाच आईशेजारी बसावं लागलं. मी स्वयंपाकघराच्या दाराआड, हातात दुधाचं पातेलं. त्या बाई हळू आवाजात काहीतरी बोलल्या, त्यातलं 'फादर' तेवढं मला कळलं. निशूने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही उठणार. ही पोरगी दुकानदाराने चुकून जास्त दिलेले सुटे पैसे परत करायला भर उन्हात मागे जाते गो! पण ती पुन्हा बाईंकडे वळली आणि म्हणाली, "थँक यू, मॅडम." बास, एवढंच. मी पातेलं ओट्यावर ठेवलं आणि मोरीत जाऊन रडलो. तेव्हापासून ती मला जेवायला वाढते, पण बोलत नाही. मीही काही विचारत नाही.

असो. उन्हाचं जपा, भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा (मागे कै. लावायचं का ते तू ठरव)
जगन

ता. क. मुख्य राहिलंच. कॉलेजची माणसं घराबाहेरच्या एका नातेवाइकाला फोन करून विचारणार आहेत. अंबरीशने तुझा नंबर दिलाय. हिंदी बोलणारं कुणीतरी असेल. एवढंच सांगायचं, भाऊ वारला. दर भाऊबीजेला तू मला ओवाळताना देवाकडे काय मागतेस ते मला ठाऊक आहे. तरी पण सांग ताई. माझ्यासाठी नको, पोरीसाठी सांग.

आणखी ता. क. पोस्ट निशूच्या रस्त्यात आहे म्हणून पाकीट तिच्याकडेच देतोय. डिंक संपला, भाताच्या शितांनी चिकटवलंय. तिच्यासाठी चाकांची मोठी बॅग आणलीय, अजून दाखवलेली नाही.

आत्या, मी निशू. शितं सुटली, मी सगळं वाचलं. तुला फोन येणार नाही. त्या कॉलच्या दुसऱ्याच दिवशी मी कॉलेजला कळवलं की माझे पप्पा आहेत. काल उत्तर आलं. ते आहेत हे वाचून आनंद झाला, असं लिहिलंय, आणि खाली मदत रद्द, प्रवेशही रद्द. सांगायला गेले तर पप्पा माळ्यावर चढून बॅग चादरीखाली झाकत होते. मी तशीच मागे फिरले. तू ये आणि त्यांना सांग. मी सांगितलं तर ते म्हणतील, मला मेलेलंच राहू दिलं असतंस तर तुझं काय बिघडलं असतं, आणि आत्या, मला त्याला काय उत्तर द्यायचं ते कळत नाही.